उपासनेत मन लागत नाही, आतून थकवा आलाय. अशा वेळी खरी भक्ती कशी करायची?

जयख्रिस्त. तुम्ही लिहिलंय की क्वायरमध्ये गाता पण आत सगळं कोरडं पडलंय, हे देवासमोर ढोंग तर नाही ना, आणि चर्च बदलू का. मीही अशा काळातून गेलेय म्हणून लिहितेय.

ढोंग तेव्हा होतं जेव्हा नसलेला आनंद आपण चेहऱ्यावर आणतो. देवा मी थकलेय, तू कुठेयस, असं त्यालाच विचारणं ही भक्तीच आहे आणि बायबलमध्ये ती भरपूर आहे, फक्त आपल्या रविवारच्या गाण्यांत फारशी येत नाही. स्तोत्र १३ उघडा, सुरुवातीच्या दोन वचनांतच देवाला चार वेळा विचारलंय, कोठवर? आणि स्तोत्र ८८ तर अजून पुढचं, विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटाकडे कुठेतरी स्तुतीकडे वळतात, हे वळतच नाही, अंधारातच संपतं. तरी ते कोरहाच्या मुलांचं, म्हणजे मंदिरातल्या गायकांचं स्तोत्र आहे! मला स्वतःची प्रार्थना सुचेनाशी झाली तेव्हा मी हेच वाचायचे, मोठ्याने, एक ओळ वाचून थांबायचं, मग पुढची.

बायबलमधल्या १ राजे या पुस्तकाचा १९वा अध्याय पण वाचा. एलीया संदेष्टा कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय बघून आला आणि लगेच रानात झुडपाखाली पडून म्हणाला, पुरे झालं, माझा जीव घे. देवदूत त्याला एका शब्दानेही रागावला नाही, त्याने निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून परत खायला दिलं. त्यामुळे शनिवारी रात्री उशिरापर्यंत प्रॅक्टिस करून रविवारी भक्तीत मन का लागत नाही म्हणून स्वतःला कोसू नका, आधी झोपा.

गाण्यांचं म्हणाल तर ड्रम आणि मोठ्या स्पीकरची वर्शिप अशा दिवसांत अंगावर येते, निदान माझ्या तरी यायची. रेव्हरंड टिळकांचे (ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक) अभंग काढा, 'उपासना संगीत' या आपल्या गीतांच्या पुस्तकात आहेत. पेटी आणि टाळावर संथ चालतात, ध्रुवपद परत परत येतं, आपला आवाज निघाला नाही तरी बाकीचे ओढून नेतात.

चर्च लगेच बदलू नका. पाळकांना स्पष्ट सांगा की काही महिने क्वायरमधून सुट्टी हवीय, मग मंडळीत मागच्या बाकावर बसा, प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) घ्या, तिथे आपल्याला काही करून दाखवायचं नसतं, फक्त हात पुढे करून घ्यायचं असतं. तुमचा विश्वास कमी पडतोय असं कोणी तुम्हालाच सुनावलं तर मात्र दुसरी मंडळी बघायला हरकत नाही.

आणि झोप, भूक कित्येक आठवडे गेलेली असेल, कशातच जीव लागत नसेल तर डॉक्टरांना दाखवा, प्रार्थनेसोबत, प्रार्थना थांबवून नाही.