अलायनर नीट बसत नसेल तर

अलायनर म्हणजे दात सरळ करायला एकामागून एक घालायचे पारदर्शक प्लास्टिकचे ट्रे. नवा ट्रे घातला की पहिले दोन-तीन दिवस दात ठणकणारच, त्याला घाबरू नकोस. रात्री झोपताना बदललास तर बराचसा त्रास झोपेतच निघून जातो. लक्ष ठेवायचं ते फटीवर. दाताची कड आणि प्लास्टिक यांच्यात मोकळी जागा दिसली, तर तो दात ठरल्याप्रमाणे सरकलेला नाही. बहुतेकदा कारण साधंच असतं: दिवसाचे 20 ते 22 तास ट्रे तोंडात राहिलेला नसतो. अशा वेळी पुढचा ट्रे चढवायची घाई नको. च्युई, म्हणजे ती मऊ नळकांडी, नेमकी त्या दातावर धरून रोज थोडा वेळ चाव. तरी फट राहिली तर फोटो काढून डॉक्टरांना पाठव.

मिसळ सोडायची गरज नाही (नाशकात राहून ते जमणारही नाही), पण ट्रे काढूनच खा. हळदीने प्लास्टिक पिवळं पडतं. काढलेला ट्रे डबीतच ठेव. टिश्यूत गुंडाळला की टेबल पुसणारा उचलून नेतो. हरवलाच तर डॉक्टरांना फोन कर, ते बहुधा मागचा घालायला सांगतील. त्यामुळे जुने ट्रे फेकू नकोस. आणि धुताना गरम पाणी अजिबात नको, ट्रे वाकतो.