कोल्हापुरात रस्त्यावरची कला बघायची तर कुठं?

मुंबईत चर्चगेटच्या भिंतीवरचे गांधीजी आणि ससून डॉकमधली चित्रं बघितली, आता कोल्हापूरला येतोय, कलापुरात चौकातल्या पुतळ्यांशिवाय काही आहे का, असं तुम्ही विचारलंय.

आहे. पण त्या पुतळ्यांना असं उडवून लावू नका, राव. मी वीसेक वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या आणि आता पोटासाठी फ्लेक्स छापतो, म्हणजे माझं मत हाताच्या कामाच्या बाजूनं झुकणार, एवढं धरून वाचा.

सुरुवात शिवाजी चौकातून करा. तिथला शिवाजी महाराजांचा पुतळा अर्धाच आहे आणि तसा मोठाही नाही. परगावचा माणूस हमखास विचारतो, "एवढाच?" ह्या जागेवर आधी मुंबईचा गव्हर्नर लेस्ली विल्सन उभा होता, संगमरवरात की कशात ते सोडा, साहेब होता एवढं खरं. 1942 च्या चळवळीत जयाबाई हविरे आणि भागीरथीबाई तांबट ह्या दोन बायांनी भर चौकात तो विद्रूप केला. पुढं क्रांतिकारकांनी तो फोडलाच. मग सिनेमावाल्या भालजी पेंढारकरांनी पुढाकार घेतला, बाबूराव पेंटरांनी शिल्प घडवलं आणि 1945 साली, म्हणजे इंग्रज अजून देशात असताना, त्याच जागी महाराज आले. तुमच्या काळा घोड्याशी ताडून बघा. तिथल्या घोड्यावरच्या सातव्या एडवर्ड राजाच्या पुतळ्याला 1965 मध्ये उचलून राणीच्या बागेत नेलं, चौकाला घोड्याचं नाव तेवढं राहिलं, आणि 2017 मध्ये नवा घोडा बसवला तोही स्वाराशिवाय. आमच्याकडं जागा रिकामी राहिली नाही. त्यामुळं तो अर्धपुतळा मला पुरेसा मोठा वाटतो. आजकाल पुतळ्याची बातमी आली की आधी उंची किती फूट ते सांगतात, चेहरा कसा उतरलाय ते कुणी विचारत नाही.

हे बाबूराव मूळचे मेस्त्री. आनंदराव ह्या भावाबरोबर नाटकाचे पडदे रंगवता रंगवता ‘पेंटर’ हेच त्यांचं आडनाव झालं. सिनेमाचा कॅमेराही त्यांनी इथंच, साथीदारांना घेऊन जुळवला. त्याची आठवण म्हणून खरी कॉर्नरला खांबावर चक्क कॅमेरा उभा केलाय. पडदा, कॅमेरा, पुतळा, सगळं एकाच कारागिराचं. इथली रस्त्यावरची कला अशा कामकरी हातांतून आलीय, म्हणून ती भिंतीवर टांगलेली दिसत नाही.

बिंदू चौकात मात्र सवडीनं थांबा. महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे तिथं 9 डिसेंबर 1950 रोजी बसले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. हे भाई माधवराव बागलांचं काम, आणि बागल स्वतः चित्रकार. शेजारी जुन्या तटाची भिंत आणि जेल. कोल्हापुरात राजकारणी एकमेकांना आव्हान देतात ते "हिंमत असेल तर बिंदू चौकात या" असंच. पुतळ्यांच्या साक्षीनं भांडायची ही सोय दुसऱ्या कुठल्या गावात असेल असं वाटत नाही.

कावळा नाक्यावरची घोड्यावरची ताराराणी शिल्पकार रवींद्र मेस्त्रींची. घोडा पुढचे पाय उचलून उभा आहे. वर राणी, हातात तलवार, आणि सगळा भार मागं. रिक्षातून न बघता उतरून बाजूनं बघा, तोल कळतो. विद्यापीठातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा बी. आर. खेडकरांचा, 1974 चा. तोही देखणा आहे, पण तो बागेत आहे. वाहतुकीत उभं राहायचं धाडस ताराराणीचं.

आता तुमच्या भिंती. मुंबईत खारी हवा रंग खाते, आमच्याकडं पाऊस खातो. रंकाळ्याच्या चौपाटीकडं एक भिंत आम्ही तालमीच्या पोरांनी हौसेनं रंगवली होती. जुन्या भिंतीला लोणा (ओलीनं येणारा खारट पांढरा थर) लागलेला, तो खरवडून, वाळवून, प्रायमर मारायला हवा होता. उद्‌घाटनाची तारीख आधीच ठरलेली, म्हणून थेट रंग चढवला. श्रावण संपायच्या आत कुस्तीगिराची मांडी पापुद्र्यानं निघाली. चूक आमचीच. तेव्हा इथं रंगीत भिंती मिळतील, पण त्या बघायला मुद्दाम येऊ नका.

त्यापेक्षा पेठांतून फिरताना तालमीच्या दारातले फळे वाचा. खडूनं लिहिलेले असतात, दुसऱ्या दिवशी पुसले जातात. इथं तालमींचेच फुटबॉल संघ असतात, हंगाम असेल तर समोरच्या संघाला काढलेले चिमटे वाचून हसू आवरत नाही. अक्षर बघा, जाड-बारीक कसं सांभाळलंय. फ्लेक्सवर संगणक अक्षर ताणून बसवतो, तिथं हे दिसत नाही. (गिऱ्हाईक वाचत असेल तर माफ करा, तुमचा बोर्ड उद्या देतो.)

आणि जमलं तर गणपतीच्या आधी पंधरा दिवस या. रात्री जेवून शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत नाही तर गंगावेशीकडं जायचं. दोन्ही बाजूंना मूर्ती, मधून दुचाकी जेमतेम जाईल एवढी वाट, आणि मूर्तीच्या तोंडाशी बल्ब धरून डोळ्यांची आखणी चाललेली. तिकीट नाही, कुणी हटकत नाही. फक्त आखणी चालू असताना फोटोचा फ्लॅश मारू नका, कोल्हापुरी शिव्या ऐकाल.