सावलीमागे धावणारं मूल

प्रश्न : ताई, माझा मुलगा दोन वर्षं चार महिन्यांचा आहे. संध्याकाळचा मोबाइल सुटावा म्हणून मी घरी छायाबाहुल्या केल्या. मिक्सरचा खोका, त्याला बटरपेपरचा पडदा आणि ससा-कासवाची गोष्ट. सशाचे पाय हलावेत म्हणून पिनासुद्धा लावल्या. चार रात्री खपले. खेळ सुरू झाला आणि दोन मिनिटांत तो उठून खोक्यामागे आला, बोट घालून पडदा फाडला, सशाचा कान तोंडात घातला. आदल्या दिवशी टॉर्च जमिनीवर ठेवला होता, तेव्हा भिंतीवर स्वतःचीच सावली बघून तो किंचाळून रडला. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा पोराला काय कळतंय त्यातलं. माझी घाई झाली का? – एक आई, सातारा

उत्तर : सावलीसाठी त्याचं वय अगदी बरोबर आहे. ससा-कासव मात्र वर्षभर कपाटात ठेवा.

त्यानं पडदा फाडला हे वाचून मला आनंद झाला. समोर ससा दिसतोय आणि आई मागे बसून काहीतरी करतेय, मग ससा नेमका आहे कुठे, हे शोधायला तो आला. एकवीस वर्षं बालवाडी चालवते आहे, पण या वयाचं मूल पडद्यासमोर मांडी घालून शेवटपर्यंत बसलेलं मी पाहिलेलं नाही. म्हणून मी खोका वापरतच नाही. जुन्या धोतराचा एकेरी तुकडा दाराच्या चौकटीला बांधते, खाली हातभर जागा सोडते. मुलं खालून रांगत मागे येतात, बाहुली हातात घेतात, पुन्हा पुढे पळतात. त्यांचा खेळ म्हणजे ही येजाच. खुर्च्यांना मात्र कापड बांधू नका, ओढलं की खुर्ची अंगावर येते.

आता रडण्याबद्दल. टॉर्चपासून मूल एक फुटावर आणि भिंत सहा फुटांवर असेल तर सावली सहापट मोठी पडते. तुमचं बाळ त्या रात्री छतापर्यंत गेलं असणार, घाबरेल नाही तर काय! आता त्याला भिंतीपासून एक फुटावर उभं करा आणि तोच टॉर्च त्याच्या मागे पाच फुटांवर, टेबलावर ठेवा. सावली जेमतेम सव्वापट होईल, हात हलवला की हात हलेल, आणि ‘हा मीच’ हे त्याला पटेल. टॉर्च भिंतीकडे वळवलेला असू दे, त्याच्या डोळ्यांकडे नको. स्वयंपाकघरातला दिवाही चालू राहू दे. किर्र काळोख कशाला हवा? मेणबत्ती, समई यांचं काम इथे नाही, आणि बटणासारख्या सेलवर चालणारे छोटे दिवेही नकोत. तो सेल मुलानं गिळला तर जिवावर बेततं.

पहिला आठवडा बाहुल्या करूच नका. स्वयंपाकघरातून झारा आणा. झाऱ्याची सावली भिंतीवर पडली की भोकांमधून उजेडाचे ठिपके येतात. आमची मुलं त्यांना चांदण्या म्हणतात आणि बोटानं टिपायला धावतात. ताक घुसळायची रवी भिंतीकडे तोंड करून धरा, फूल दिसतं. आडवी करा, फूल नाहीसं, नुसती काठी. गेल्या पावसाळ्यात अडीच वर्षांच्या एका मुलीनं ती रवी माझ्या हातातून घेतली आणि कितीतरी वेळ स्वतः फिरवत राहिली, फूल, काठी, फूल, काठी. कुणी काही शिकवत नव्हतं.

मग बाहुल्या. लग्नपत्रिकांचा पुठ्ठा उत्तम. आकृती वीतभर, नेहमी बाजूनं दिसणारी, कारण समोरून काढलेली मांजर सावलीत नुसता गोळा दिसते. शेपूट, चोच, कान जरा वाढवूनच कापा. डोळ्याला पंचिंग मशीननं भोक. मागे आइस्क्रीमची काडी चिकटवा, खराट्याची नको, ती टोचते. सशाच्या त्या पिना आजच काढा, निसटून तोंडात जातात. सांधे नसले तरी काही अडत नाही. ओडिशाच्या ‘रावणछाया’ या पारंपरिक छायाखेळातल्या बाहुल्या तर अखंड कातड्याच्या असतात, एकही सांधा नाही, आणि त्यावर रामायण उभं राहतं.

रंग हवा असेल तर आपल्या सिंधुदुर्गात बघा. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजानं चामड्याच्या बाहुल्यांची कला जपली आहे. परशुराम गंगावणे यांनी तिथे गोठ्यातच संग्रहालय उभं केलं. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या बाहुल्यांचं चामडं इतकं पातळ असतं की उजेड आरपार जातो आणि सावलीच रंगीत पडते. घरी साध्या पांढऱ्या कागदावर मुलाला खडूनं हवं तसं गिरगटू द्या, मागून खोबरेल तेलाचा बोळा फिरवा, तेल मुरू द्या. उजेडापुढे धरलं की रंग उजळतात. आमच्याकडे सगळ्यात लाडकी आहे लाल एसटी : पुठ्ठ्याच्या खिडक्या कापून मागे लाल जिलेटिन कागद लावलेला. बाहुली कापडाला टेकवून धरा, कडा स्वच्छ येतात.

गोष्ट लहानशीच घ्या. आमच्याकडे काऊ-चिऊच चालते. कावळा येतो, ‘चिऊताई चिऊताई, दार उघड!’, चिऊ म्हणते, ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे.’ तेच ते पुन्हापुन्हा येतं, म्हणून मुलं तिसऱ्या खेपेला चिऊच्या आधी ‘थांब!’ ओरडतात. पाच-सात मिनिटं पुरे, तो उठला की आवरा. दुसऱ्या दिवशी तोच कावळा मागेल, तोच द्या. कावळा चघळून लगदा होईल, म्हणून चार कापून ठेवा. खेळताना मात्र जवळच बसा, पुठ्ठ्याचा तुकडा घशात जायला नको.

आणि चिऊचा आवाज सासूबाईंना द्या. ती गोष्ट त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली येत असणार.