नवोदयला निघालेल्या मुलीला

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझी पेटी भरून झाली असेल. बादली, कुलूप, दोन चादरी, पेटीवर रंगानं लिहिलेलं नाव. शाळेनं दिलेल्या यादीत नसलेली एक गोष्ट सांगायला हे पत्र लिहितेय. मी स्वतः नवोदयची, म्हणजे तू जातेयस त्याच सरकारी निवासी शाळांपैकी एकीची विद्यार्थिनी होते आणि आता गणिताची शिक्षिका आहे, त्यामुळे ती मला दोन्ही बाजूंनी दिसते.

सहावीच्या प्रवेशासाठीच्या निवड चाचणीत तू दोन तासांत ८० प्रश्न सोडवलेस. प्रत्येकाखाली चार पर्याय होते. पाचवीचं अख्खं वर्ष तू बरोबर उत्तर ओळखायला शिकलीस आणि त्यात तरबेज झालीस. आता बहुतेक वेळा पर्याय नसतील. समोर कोरं पान असेल.

२/३ + ३/४ हेच घे. खाली ५/७, ५/१२, १७/१२, ६/१२ असे पर्याय असले तर तुझ्यासारखी हुशार मुलगी बेरीज न करताच सांगेल. दोन्ही अपूर्णांक अर्ध्याहून मोठे, म्हणजे बेरीज एकाहून जास्त. तसा पर्याय एकच. हे डोकं चालवणं फार चांगलं आहे, ते सोडू नकोस. पण पर्याय झाकले की छेद १२ करावा लागतो, ८/१२ आणि ९/१२ लिहावे लागतात. सहावीच्या पहिल्या चाचणीत माझा हात नेमका इथेच थांबला. २५ पैकी ९ गुण मिळाले. आदल्या रात्री मी सोडवलेली उदाहरणं तीनदा वाचली होती आणि तिन्ही वेळा मला वाटलं होतं, येतंय की!

वाचताना जे ‘येतंय’ वाटतं, त्यावर विश्वास ठेवू नकोस. संध्याकाळच्या स्टडीला धडा एकदा नीट वाच, मग पुस्तक मिट. खरंच मिट, बोट घालून ठेवू नकोस. आणि आठवेल ते वहीच्या मागच्या पानावर लिही. चार ओळी आल्या तर चार. मग पुस्तक उघडून काय राहिलं ते लाल पेनानं भर. दोन दिवसांनी तेच पान पुन्हा, न बघता. सुरुवातीला फार जड जाईल आणि शेजारची मुलगी तीन धडे वाचून मोकळी झालेली दिसेल. तिच्याकडे बघू नकोस. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हेच तपासून पाहिलं होतं. एकाच उताऱ्यासाठी काही विद्यार्थ्यांनी पुन्हा वाचन केलं, काहींनी न बघता आठवून लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे निघाले. तुझ्या चाचण्या पाच मिनिटांनी होत नाहीत, बाळ.

आणखी एक. तुझ्या इयत्तेत ८० पर्यंत मुलं असतील आणि जवळजवळ प्रत्येक जण आपापल्या शाळेत पहिला आलेला असेल. तिथे तुझा नंबर तिसावा आला तर तू बिघडली नाहीस, वर्ग बदललाय. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. कित्येक रात्री मी चादरीत तोंड खुपसून रडले. घरी मात्र फोनवर ‘मजेत आहे’ म्हणायचे. तू असं करू नकोस. आईला खरं सांग.

सध्या शिकवणं मराठीत असेल, पण आठवीच्या आसपास गणित-विज्ञान इंग्रजीत आणि सामाजिक शास्त्रं हिंदीत सुरू होतात. तेव्हा धावपळ होऊ नये म्हणून आत्तापासून एक छोटी वही कर: छेद, क्षेत्रफळ, पेशी असे शब्द मराठीत आणि शेजारी इंग्रजीत, दिवसाला तीन. नववीत काही मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या राज्यातल्या नवोदयला जातात. कदाचित तूही जाशील. तेव्हा ती वही पेटीत टाक.

दिवे गेल्यावर टॉर्च लावून वाचत बसू नकोस, झोप. पहाटे पीटीला उठायचं असतं आणि पेंगत ऐकलेला तास पुन्हा मिळत नाही. अडलं तर त्याच दिवशी सरांना, मॅडमना किंवा आपल्या हाऊसच्या, म्हणजे वसतिगृहातल्या गटाच्या, मोठ्या ताईला विचार. अरवली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी यांपैकी कुठलंही हाऊस मिळो, अशी एक तरी ताई भेटतेच. माझ्या ताईनं जेवणाच्या रांगेत उभ्या उभ्या, ताटावर बोटानं रेघा ओढून मला लसावि शिकवला होता.

पहिली चाचणी झाली की मला पत्र पाठव. गुण नाही लिहिलेस तरी चालेल. कुठल्या प्रश्नाला हात थांबला आणि तिथे तू काय केलंस, तेवढं लिही.

तुझी,
मावशी