कुत्रीने दार ओरबाडलं, म्हणून सगळं डिपॉझिट जप्त?

प्रश्न : पुण्यात कोथरूडला ३३ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहत होते. भाडं १८ हजार, डिपॉझिट ५० हजार. माझ्या चिंगीने (देशी कुत्री) बाल्कनीचं दार खालून ओरबाडलंय, हे मला मान्य आहे. मालकांनी मात्र संपूर्ण फ्लॅटचं रंगकाम ३२ हजार, दोन दारं १४ हजार, साफसफाई ६ हजार असा हिशेब पाठवलाय, वर दोन हजार मीच द्यायचे म्हणतात. ‘पाळीव प्राण्याने नुकसान केल्यास डिपॉझिट जप्त करण्याचा अधिकार मालकास राहील’ असं अ‍ॅग्रीमेंटमध्ये आहे. मुदत मागच्या आठवड्यात संपली, सामान हलवलं. पैसे मिळेपर्यंत चावी माझ्याकडे ठेवू का?

उत्तर : चावी आजच परत करा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

मुदत संपल्यावर ताबा न देणाऱ्या लायसन्सीकडून (म्हणजे घरात राहणाऱ्याकडून) भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागण्याची सोय महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ मध्ये आहे. अ‍ॅग्रीमेंटमध्ये रोजचा दंडही लिहिलेला असू शकतो. डिपॉझिट अडकलंय म्हणून चावी अडकवायची, हा मार्ग तुमच्याच अंगाशी येईल. देताना मोकळ्या घराचा, प्रत्येक भिंतीचा, दाराचा आणि नळाचा व्हिडिओ काढा, आणि चावी मिळाल्याची दोन ओळींची सही घ्या. मालक सही देत नसतील तर तिथूनच त्यांना ‘आज अमुक वाजता चावी दिली’ असा मेसेज पाठवा.

आता ते जप्तीचं कलम. ते वाचून तुम्ही घाबरलात, हे पत्रातून कळतं. पण भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७४ सांगतं की करारात रक्कम लिहिली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेली रक्कम ही फक्त वरची मर्यादा. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ च्या फतेहचंद खटल्यापासून २०१५ च्या कैलाशनाथ असोसिएट्स निकालापर्यंत हे तत्त्व कायम ठेवलंय. नुकसान झालंच नसेल तर भरपाईही नाही, आणि जिथे नुकसान मोजता येतं तिथे ते सिद्ध करावं लागतं. दाराचं नुकसान सुतार मोजून देतो. म्हणजे दारापुरते पैसे कापा, ५० हजार नव्हे.

त्या दाराचे पैसे मात्र खळखळ न करता द्या. नखांनी सनमायका उखडणं ही नेहमीच्या वापरातली झीज नाही. ओळखीच्या सुताराकडून लेखी अंदाज घ्या आणि तेवढी रक्कम वजा करायला स्वतःहून तयारी दाखवा. चूक मान्य करणाऱ्याचं बाकीचं म्हणणं कोर्टही वेगळ्या नजरेने ऐकतं, हे मी अनेक वेळा पाहिलंय. दुसऱ्या दारावर ओरखडाच नसेल, तर त्याचा पैसाही देऊ नका.

रंगाचं काय? जवळपास तीन वर्षं राहिलेल्या घराचा रंग उतरणारच. कुत्रं असो वा नसो. शिवाय भरपाई म्हणजे मालकाला जुन्या रंगाच्या जागी नवा रंग फुकट मिळवून देणं नव्हे. हॉलच्या खिडकीखालच्या भिंतीचे पोपडे त्यांनी चिंगीच्या माथी मारलेत, असं तुम्ही लिहिलंय. आणि पत्रासोबत पाठवलेला फोटो मी दोनदा पाहिला : राहायला आल्याच्या आठवड्यातला, त्याच भिंतीवर ओलीचा तपकिरी डाग, खाली चॅटमध्ये मालकांचं उत्तर, ‘पावसाळ्यानंतर बघू’. ताई, तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा हाच. तो फोन विकू नका, चॅट पुसू नका. कोर्टात हा पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी वकिलांची मदत घ्या. साफसफाईच्या ६ हजारांची पावती मागा.

‘दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट बेकायदा’ असे मेसेज फिरतात, त्यावर विसंबू नका. ती मर्यादा केंद्राच्या २०२१ च्या नमुना कायद्यातली आहे, आणि राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही.

पुढे काय करायचं? पोचपावती घेऊन स्पीड पोस्टने नोटीस पाठवा : दाराची रक्कम वजा करून उरलेले पैसे १५ दिवसांत द्या, कपात करायची असेल तर बिलं दाखवा. पोलिसांकडे जाऊन उपयोग नाही, हा दिवाणी वाद आहे. ग्राहक आयोगातही असं प्रकरण सहसा टिकत नाही. पैसे वसुलीच्या दाव्याला रक्कम देय झाल्यापासून तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळे आज घाईने कमी रकमेवर ‘पूर्ण व अंतिम’ अशी सही करू नका.

पण ५० हजारांसाठी थेट दावा लावण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाखलपूर्व अर्ज करा असं मी सांगेन. तिथे दोघांना समोरासमोर बसवतात, आणि असे हिशेब बऱ्याचदा तिथेच सुटतात. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिलेला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. पुण्याचं कार्यालय शिवाजीनगर जिल्हा न्यायालयात आहे. जाताना अ‍ॅग्रीमेंटची प्रत, सुताराचा अंदाज आणि त्या ओलीच्या भिंतीच्या फोटोची प्रिंट सोबत न्या.