पुणे की न्यू जर्सी: खर्चाच्या तक्त्यात पाळणाघराचा रकाना आधी बघा

ताई, पुण्यात राहावं की न्यू जर्सीला जावं, यासाठी तुम्ही मांडलेला हिशेब वाचला आणि माझी खर्चाची जुनी वही आठवली. तुम्ही धरलेले आकडे असे: अमेरिकेतल्या कुटुंबाचा 2023 चा सरासरी खर्च वर्षाला 77,280 डॉलर. आपल्याकडे शहरात 2023-24 मध्ये माणशी महिना 6,996 रुपये, म्हणजे चौघांचे 28 हजार. यावरून तिकडे शिल्लक किती पडेल, असं तुम्ही विचारलंय. विनिमय दराने गुणून तुलना होत नाही, हे कुणीतरी सांगेलच. मी पुढचं सांगते.

तिकडचा आकडा सरासरी अडीच माणसांच्या घराचा आहे. त्यात सोशल सिक्युरिटीची (सरकारी निवृत्तिवेतनासाठी पगारातून होणारी) कपातही खर्च म्हणून धरतात, पण घरकर्जाच्या हप्त्यातलं मुद्दल धरत नाहीत, फक्त व्याज.

पण आम्ही तिकडे गेलो तेव्हा आम्हाला बुडवलं ते पाळणाघराने. कंपनीने नेमलेल्या स्थलांतर कार्यालयाने पाठवलेल्या तक्त्यात पाळणाघरापुढे महिना शंभर डॉलरही नव्हते. आम्ही दोघं नोकरी करणार, मुलगी दीड वर्षाची. तीनदा मेल करून विचारलं, तीनदा एकच उत्तर: "ही अधिकृत सरासरी आहे." आम्ही त्यावर पगार ठरवला. तिथे पोचल्यावर पहिलं बिल चौदाशे डॉलरचं! सरासरीत एकटे राहणारे आजोबा येतात, मुलं कॉलेजात गेलेली घरं येतात. त्यांचा हा खर्च शून्य. सगळ्यांत वाटल्यावर रक्कम चिमुकली दिसणारच. एवढं साधं त्या कार्यालयातल्या कुणालाही सांगता आलं नाही, याचा राग अजून जात नाही. वर्षभरात नाशिकची ठेव मोडावी लागली.

घरभाड्याचंही तसंच. सरासरीत कर्ज फिटलेले घरमालक असतात. तुम्ही नवे भाडेकरू. म्हणून माझं स्पष्ट मत, सरासरी बाजूला ठेवा. तुमच्या ऑफिसजवळच्या दोन पाळणाघरांचे दर मेलवर मागवा, आरोग्य विम्यात कंपनी पैसे देऊ लागण्याआधी तुमच्या खिशातून किती जाणार (डिडक्टिबल) ते विचारा, आणि मग पगाराचं बोला. मी सीए नाही, आणि माझा अनुभव एका गावाचा, काही वर्षांपूर्वीचा. कराचं जाणकाराला विचारा.

आणि हो, मिक्सर नेऊ नका. तिकडे वीज 120 व्होल्टची, आपला मिक्सर नुसता घुरघुरतो. कुकर मात्र न्या, जास्तीच्या दोन रिंगा घेऊन. मुलांची वयं कळवलीत तर माझ्या वहीतले पहिल्या सहा महिन्यांचे आकडे इथे टाकते.