वाचकांचे प्रश्न : हँडल फिरवून चालणारा रेडिओ घ्यायचा का?

या वेळी टपालात आणि व्हॉट्सॲपवर एकाच वस्तूबद्दल बरेच प्रश्न आलेत. सोलर पट्टी आणि फिरवायचं हँडल असलेला छोटा रेडिओ, सोबत टॉर्च, सायरन आणि मोबाईल चार्जिंगची पिन. त्यातले पाच प्रश्न घेतोय.

प्रश्न : आमची रावेर तालुक्यात केळी आहे. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर वादळ होतं, खांब पडतात आणि मळ्यात दोन-दोन दिवस लाईट नसते, मोबाईल पण बंद पडतो. जाहिरातीत दाखवतात की हँडल फिरवा आणि मोबाईल चार्ज करा. खरं आहे का भाऊ, घेऊ का?

दादा, रेडिओ म्हणून घ्या, मोबाईल चार्जर म्हणून अजिबात घेऊ नका. हे जरा सविस्तर सांगतो कारण बहुतेकांची फसगत इथेच होते.

हँडलच्या आत छोटा डायनामो असतो, सायकलच्या दिव्याला असायचा तसलाच. माणूस नेटाने फिरवत राहिला, म्हणजे सेकंदाला साधारण दोन फेरे, तर त्यातून दोनेक वॉट वीज निघते. आता तुमच्या मोबाईलची बॅटरी 5000 एमएएचची धरा, म्हणजे जवळपास 19 वॉट-तास. भागाकार करून बघा, काहीच वाया गेलं नाही असं धरलं तरी ती भरायला नऊ-दहा तास सलग हँडल मारावं लागेल आणि प्रत्यक्षात बरीच वीज मधेच वाया जाते त्यामुळे त्याहून जास्तच. दहा मिनिटं फिरवून जेमतेम एक टक्का हाती लागतो आणि पूर्ण मेलेला मोबाईल तर तेवढ्यात चालू पण होत नाही.

पण तीच वीज रेडिओला दिली की चित्र पालटतं. आजकालच्या छोट्या रेडिओला बारीक आवाजात पाव वॉटच्या आसपास वीज लागते. मिनिटभर फिरवलं की पाच-सात मिनिटं ऐकता येतं, म्हणजे बातमीपत्र सुरू व्हायच्या आधी दोन मिनिटं फिरवलं तरी अख्खं बातमीपत्र निघतं. ट्रेव्हर बेलिस नावाच्या इंग्रज माणसाने 1990 च्या दशकात चावीचा रेडिओ काढला तो याच हिशोबावर, आफ्रिकेतल्या ज्या गावांत लाईट नाही आणि सेल परवडत नाहीत तिथे आरोग्याची माहिती पोचावी म्हणून. त्यात तर बॅटरीसुद्धा नव्हती, नुसती स्प्रिंग होती!

सोलर पट्टीचंही असंच. तळहाताएवढी पट्टी, कडक उन्हात अर्धा वॉट दिला तरी पुष्कळ. आतली 2000 एमएएचची बॅटरी भरायला तीन-चार दिवस स्वच्छ ऊन पाहिजे, आणि आभाळ भरलेलं असलं की हेच उत्पन्न पाचव्या-दहाव्या हिश्श्यावर येतं. म्हणजे वादळ-पुराच्या दिवसांत, नेमकं गरज असते तेव्हाच, तिच्यावर भिस्त ठेवून चालत नाही. म्हणून मी सांगेन, टाइप-सी केबलने चार्ज होणारा आणि वर साधे पेन्सिल सेल टाकायची सोय असलेला मॉडेल शोधा, थोडा महाग पडला तरी चालेल. आधी भरलेली बॅटरी, मग सेल, आणि दोन्ही संपलं तर हँडल, असा क्रम ठेवा. मोबाईलसाठी वेगळी 10000 एमएएचची पॉवर बँक भरून ठेवा, तिच्यात मोबाईल सहज एकदा पूर्ण भरतो.

प्रश्न : भुसावळला राहते. मागच्या उन्हाळ्यात असा रेडिओ घेतला, सोलरवर चार्ज व्हावा म्हणून गच्चीत ठेवायचे. आता बॅटरी अर्धा तास पण टिकत नाही आणि मागचं झाकण जरा वर आल्यासारखं दिसतं.

ताई, आधी तो रेडिओ बंद करा आणि चार्जिंगला लावूच नका. झाकण वर आलंय म्हणजे आतली लिथियम बॅटरी फुगलीय. ती दाबायची नाही, टोचायची नाही, पोरांच्या हाती द्यायची नाही, कचऱ्यात तर टाकायचीच नाही. ई-कचरा घेणारा किंवा मोबाईल रिपेअरवाला गाठून त्याच्याकडे द्या.

आता हे झालं कशाने ते बघा. साध्या लिथियम बॅटऱ्या 45 अंशांच्या वर चार्ज करू नयेत असं बनवणारेच सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा 45 च्या घरात जातो, मग दुपारच्या उन्हात गच्चीवर ठेवलेल्या काळ्या प्लास्टिकच्या डब्याच्या आत 60 च्या पुढे जाणार हे उघड आहे. या रेडिओची गंमत अशी की पट्टी आणि बॅटरी एकाच डब्यात, पट्टीला ऊन हवं आणि बॅटरीला सावली, आणि हा विचार थंड देशातला माणूस करतच नाही कारण त्याला त्याची गरज पडत नाही. खान्देशात मात्र करावाच लागतो. उन्हाळ्यात सोलरवर ठेवायचा तर सकाळचं कोवळं ऊन, साडेआठ-नऊला आत. नाहीतर सरळ केबलने घरात चार्ज करा. हिवाळ्यात दिवसभर ठेवला तरी हरकत नाही.

आणि पुढचा घ्याल तेव्हा पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, घरातल्या सगळ्यात गार खोलीत, खालच्या कप्प्यात ठेवा. फुल्ल चार्ज करून वर्षभर ठेवला तर बॅटरी लवकर म्हातारी होते आणि रिकामा ठेवला तर कायमची मरते, म्हणून निम्मी भरून ठेवायची आणि दर तीन महिन्यांनी थोडी भरायची. पावसाळ्याच्या आधी एकदा पूर्ण.

प्रश्न : धडगावला शिक्षक आहे. ऑनलाइन मागवलेल्या रेडिओवर डब्ल्यूबी नावाचं बटण आहे, सात चॅनल दाखवतो पण सगळ्यांवर नुसती खरखर. एफएम पण नीट लागत नाही. पीस खराब आहे का?

सर, पीस खराब नाही. ते बटण अमेरिकेतल्या सरकारी हवामान केंद्रांसाठी आहे, 162.400 ते 162.550 मेगाहर्ट्झ, तिकडे चोवीस तास हवामानाचा इशारा त्यावर चालतो. आपल्याकडे तशी सेवा नाही त्यामुळे ते बटण विसरून जा, आणि कुणी त्याचे जास्त पैसे सांगत असेल तर देऊ नका.

एफएमचं कारण तुमचा सातपुडा. एफएमच्या लहरी बऱ्याचशा सरळ रेषेत जातात, मधे डोंगर आला की पलीकडे सावली पडते. एरियल पूर्ण ओढून, खिडकीशी किंवा उंचावर जाऊन बघा. मिडियम वेव्ह (रेडिओवर एएम किंवा एमडब्ल्यू लिहिलेलं असतं ती) मात्र जमिनीला धरून लांब जाते आणि रात्री आकाशातून परतून शेकडो किलोमीटरवरचं स्टेशन पण लागतं. तिला बाहेरचं एरियल लागत नाही, आत काळी फेराइटची कांडी असते, म्हणून एरियल ओढण्याऐवजी अख्खा रेडिओच हळूहळू फिरवायचा, एका दिशेला आवाज एकदम साफ होतो. आणि इन्व्हर्टर, एलईडी बल्ब, मोबाईल चार्जर यांच्यापासून लांब बसा, अर्धी खरखर त्यांचीच असते.

एक गोष्ट घेतानाच बघायची. आपल्याकडे मिडियम वेव्हची स्टेशनं 9 किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, अमेरिकेत 10 च्या. जळगाव 963, पुणे 792, मुंबई 558, सगळे 9 च्या पटीत. डिजिटल आकड्यांचा रेडिओ फक्त 10-10 ने सरकत असेल तर तो 960 वर थांबेल नाहीतर 970 वर, 963 वर नाहीच. काहींमध्ये 9 चं सेटिंग असतं, माहितीपुस्तिकेत शोधा. काट्याचा, चाक फिरवायचा रेडिओ असला तर हा त्रासच नाही.

प्रश्न : धुळ्यात कॉलेजला आहे. आता सरकारचा अलर्ट थेट मोबाईलवर येतो, सचेत ॲप आहे, आभाळातल्या विजेच्या इशाऱ्यासाठी दामिनी ॲप आहे. मग रेडिओ कशाला?

ही सगळी साधनं चांगलीच आहेत, ठेवाच. 2023 मध्ये देशभर मोबाईल जोरात वाजून चाचणीचे मेसेज आले होते ते आठवत असेल, ती सोय फार मोलाची आहे. पण ते सगळं टॉवरवर अवलंबून. लाईट गेली की टॉवर बॅटरीवर आणि डिझेलवर काही तास निघतो, रस्ता बंद असेल तर डिझेल पोचत नाही आणि मग गावाचं गाव मुकं होतं. 2021 च्या ऑगस्टअखेरीस चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी शिरलं तेव्हाच कन्नड घाटात दरड पण कोसळली. अशा वेळी लांबच्या ठिकाणाहून येणारा आवाज उपयोगी पडतो, कितीही लोकांनी एकदम ऐकला तरी त्याला गर्दी होत नाही.

मर्यादा पण सांगतो. रेडिओ तुमच्या गल्लीतल्या नाल्याची बातमी देणार नाही, आणि बातम्यांसाठी आकाशवाणीच लावावी लागेल कारण खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही. जवळची माहिती किंवा मदत हवी तर फोन लागतोय तोवर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा 1077 आणि तातडीला 112. आणि तुझ्या मोबाईलमध्ये एफएम आहे का ते पण बघून ठेव, वायरचा इयरफोन लावला की तोच एरियल होतो, इंटरनेट लागत नाही.

प्रश्न : चाळीसगावजवळच्या खेड्यात असतो. घरात आजोबांचा मोठ्या सेलचा जुना ट्रान्झिस्टर आहे, चालू आहे. तो देऊन हा नवीन घ्यावा का?

नका देऊ! चालू आहे ना, मग अर्धं काम झालेलंच आहे. जुन्या ट्रान्झिस्टरची मिडियम वेव्ह बऱ्याचदा या नव्या पाच-कामी डब्यांपेक्षा सरस असते, आतली फेराइटची कांडी लांब असते आणि स्पीकर मोठा म्हणून ओट्यावर चार घरांना ऐकू जातो. मोठे सेल रोज थोडं थोडं ऐकून आठवडेच्या आठवडे पुरतात. फक्त वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवा, नाहीतर ते गळतात आणि स्प्रिंगा हिरव्या पडतात. पडल्याच असतील तर व्हिनेगरमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने पुसा, कोरडं करा, मग बारीक पॉलिश पेपर. सेलचा एक नवा जोड आणि टॉर्च त्याच पिशवीत, पिशवी प्लास्टिकची आणि घरातल्या सगळ्यात उंच फळीवर. स्टेशन कुठे लागतं तिथे काट्याखाली पेनाने खूण करून ठेवा म्हणजे अंधारात टॉर्च मारली की आजींना पण लावता येईल.